रत्नागिरीतले तीन दिवस: गाडी, गुरुजी आणि आई

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे कामाचे ठिकाण. जिल्हाधिकारी कार्यालय, कोर्ट, जिल्हा रुग्णालय आणि रेल्वे स्टेशन यांपलीकडे रत्नागिरीला जाण्याचे कारण आम्हांला कधी पडले नाही. बँकेतल्या नोकरीच्या निमित्ताने मी त्या शहरात शंभरेक वेळा तरी गेले असेन, पण प्रत्येक वेळी परतीच्या एसटीकडे डोळा ठेवूनच. थिबा राजवाडा आतून पाहिला नव्हता, टिळकांच्या जन्मस्थानाच्या गल्लीतून किती तरी वेळा जाऊनही आत पाऊल टाकले नव्हते. आईने शहात्तरावे वर्ष ओलांडले तेव्हा तिने एकदा सहज म्हटले, “रत्नागिरी मला फक्त हॉस्पिटलच्या खिडकीतून माहीत आहे.” ते वाक्य माझ्या मनातून जाईना. म्हणून डिसेंबरमध्ये, थंडी जरा पडल्यावर, तीन दिवसांसाठी स्वतंत्र गाडी आणि शहर दाखवणारा जाणता माणूस असा बेत केला. आई, मी आणि चौदा वर्षांचा माझा भाचा, असे आम्ही तिघे निघालो.

गाडी ठरवताना पहिला अनुभव मात्र चांगला आला नाही. ज्यांच्याकडे चौकशी केली, त्यांनी एका दिवसात अकरा ‘पॉइंट’ दाखवणारा छापील कागद पुढे केला. त्यात प्रत्येक जागेला वीस मिनिटे होती आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाचा विचार कुठेच नव्हता. अर्धे पॉइंट कमी करा आणि दिवस वाढवा, असे मी म्हटल्यावर समोरच्यांना ते पटेना. शेवटी गाडी त्यांची घेतली, आणि मार्गदर्शक म्हणून रत्नागिरीतल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांना बँकेतल्या सहकाऱ्यामार्फत विनंती केली. ते आनंदाने तयार झाले. आम्ही तिघेही त्यांना गुरुजीच म्हणत होतो.

दिवस पहिला, शुक्रवार

सकाळी सात वाजता गाडी दारात आली आणि पहिलीच अडचण उभी राहिली. गाडी इतकी उंच होती, की आईचा पाय पायरीपर्यंत पोहोचेना. चालकदादांनी काही न बोलता मागचे दार उघडून फणसाच्या लाकडाचा एक पाट बाहेर काढला. जेवायला बसायचा पाट नव्हे, चांगला वीतभर उंच. त्याच्या खालच्या दोन्ही पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते, म्हणजे गुळगुळीत फरशीवरही तो सरकू नये. दादांच्या स्वतःच्या आईसाठी त्यांनी तो करून घेतला होता. पुढचे तीन दिवस गाडी थांबली की आधी पाट खाली येई आणि मग आई. प्रवासात वयस्कर माणूस असेल तर गाडीच्या मॉडेलपेक्षा असा पाट बाळगणारा चालक शोधावा, असे मी मनापासून सांगेन.

लांजा, पाली करत हातखंबा तिठ्यावर पोहोचलो. तिथे गुरुजी आमची वाट पाहत उभे होते. शहरात शिरण्याआधी त्यांनी गाडी पानवलच्या बाजूला वळवायला सांगितली. “रत्नागिरी बघायची तर आधी ती कशी उघडली गेली ते बघा,” असे ते म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी दुपारी लागला.

पानवल नदीच्या दरीवर कोकण रेल्वेचा पूल आहे. रेल्वेने जाताना तो काही सेकंदांत मागे पडतो आणि आपण कशावरून गेलो याची जाणीवही होत नाही. खालून पाहताना मान मागे टाकावी लागते. दरीच्या तळापासून रुळांची उंची सुमारे 64 मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीइतकी, आणि लांबी 400 मीटरहून अधिक. खाली हिरवी झाडी, मध्येच एखादे कौलारू घर, आणि त्यांतून वर गेलेले काँक्रीटचे खांब. एवढ्या उंचीवर परांची बांधून पूल ओतणे अवघड होते, म्हणून दरीच्या एका टोकाला पुलाची तुळई तुकड्यातुकड्याने ओतायची आणि तयार झालेला भाग जॅकच्या जोराने खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा, अशी रीत इथे वापरली गेली. गुरुजींनी हे सांगताना भाच्याच्या वहीची पट्टी दोन दगडांवरून पुढे सरकवत नेऊन दाखवली. पट्टीचे पुढचे टोक दुसऱ्या दगडावर टेकायच्या आधी खाली झुकले, तेव्हा त्यांनी विचारले, “आता झुकू नये म्हणून काय करशील?” भाच्याने बराच विचार करून सांगितले, की पुढचे टोक हलके करायचे. गुरुजींनी त्याची पाठ थोपटली, कारण तुळईच्या पुढच्या टोकाला पोलादाची हलकी चोच जोडण्यामागे हेच कारण असते.

रेल्वे येईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. अर्ध्या तासाने दक्षिणेकडे जाणारी एक गाडी आली. एवढ्या उंचावरून तिचा आवाज खाली अगदी मऊ होऊन पोहोचत होता. आई हात जोडून पाहत राहिली. आमच्या राजापूर मतदारसंघाने सलग पाच वेळा लोकसभेवर पाठवलेल्या मधु दंडवते यांनी या रेल्वेसाठी किती वर्षे घालवली, हे तिच्या पिढीला पाठ आहे. 1990 मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्या हाती काम आले आणि 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्गावर गाडी धावू लागली. रत्नागिरीच्या उत्तरेला करबुडे येथे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, तो त्या काळी देशातला सर्वांत लांब होता. मुंबईला जायला बोट किंवा रात्रभराची एसटी एवढेच पर्याय ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही आकडेवारी कोरडी वाटत नाही.

कुवारबाव, साळवी स्टॉप, मारुती मंदिर असे करत शहरात आलो, जेवलो आणि आईला दोन तास विश्रांती दिली. संध्याकाळी टिळक आळीत गेलो. लोकमान्य टिळकांचा जन्म इथे 23 जुलै 1856 रोजी झाला आणि वडिलांची पुण्याला बदली होईपर्यंत, म्हणजे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत, ते रत्नागिरीत होते. घर उतरत्या कौलारू छपराचे आहे. आमच्याकडच्या कुठल्याही जुन्या घरासारखेच ते दिसते आणि नेमके हेच आईला भावले. आत लावलेली छायाचित्रे ती भरभर पाहत गेली, पण उंबऱ्याशी मात्र थांबली. तिने खाली वाकून तो हाताने चाचपला आणि म्हणाली, “आपल्या घराचाही असाच होता, मधोमध झिजलेला.” वीस मिनिटांच्या हिशेबात हे बसले नसते.

दिवस दुसरा, शनिवार

पहाटे साडेपाचला मिरकरवाड्याच्या बंदरावर. ही महाराष्ट्रातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक जागा, आणि डिसेंबर म्हणजे ऐन हंगाम. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यानंतर पहिले काही आठवडे समुद्राच्या लहरीवर जातात आणि दिवाळीनंतर खरी वर्दळ सुरू होते. बोटी एकमेकींना इतक्या चिकटून लागलेल्या होत्या, की खलाशी एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत धक्क्याला येत होते. त्यांच्या बोलण्यात कोकणी मुसलमानी बोली, मराठी आणि नेपाळी यांची सरमिसळ ऐकू येत होती. नेपाळहून आलेले तरुण आता इथल्या बोटींवर मोठ्या संख्येने काम करतात. एका बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, जाळ्याची फाटलेली कड मांडीवर घेऊन सुईने शिवत बसले होते. भाच्याने विचारताच त्यांनी सुई त्याच्या हातात दिली आणि एक गाठ मारायला लावली. सूत बोटाभोवती फिरवून, मागच्या फासातून काढून, ओढताना अंगठ्याने दाबून धरायचे. अंगठा सुटला की फास लहानमोठा होतो आणि मग त्यातून मासा निसटतो. भाच्याची पहिली गाठ त्यांनी हसून उसवली, दुसरी तशीच ठेवली.

लिलाव फार जवळून पाहता आला नाही. बर्फाच्या पाण्याने धक्का निसरडा झालेला होता आणि आईला तिथे नेणे योग्य वाटले नाही. ज्यांना जायचे असेल त्यांनी पकड असलेल्या चपला घालाव्यात आणि काम करणाऱ्यांच्या वाटेत उभे राहू नये.

तिथून रत्नदुर्ग. किल्ला घोड्याच्या नालेच्या आकाराचा असून तीन बाजूंनी समुद्राने वेढलेला आहे. बालेकिल्ल्यात भगवतीचे देऊळ आहे, दुसऱ्या बाजूच्या टोकावर दीपगृह आहे. पायथ्यापर्यंत गाडी गेली, पुढच्या पायऱ्या आई माझा हात धरून सावकाश चढली. बहामनी काळापासून अस्तित्वात असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये आदिलशाहीकडून घेतला. वरून एका बाजूला मिरकरवाड्याच्या बोटी आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र दिसतो. गुरुजींनी तटावरून शहराकडे बोट दाखवून सांगितले, की इंग्रजांनी दक्षिण कोकणाचा स्वतंत्र जिल्हा केल्यावर त्याचे ठाणे आधी बाणकोटला होते आणि 1822 मध्ये ते रत्नागिरीला आणले. आज ज्या कचेऱ्यांसाठी आम्ही एसटीने येतो, त्यांची सुरुवात तिथे आहे.

दुपारच्या जेवणानंतर ज्या जागेसाठी मी हा सगळा प्रवास आखला होता, त्या थिबा राजवाड्यात आलो.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 च्या नोव्हेंबरमध्ये मंडालेत पदच्युत केले. राणी सुपायालत आणि मुलींसह त्याला आधी मद्रासला आणि तिथून बोटीने रत्नागिरीला आणले गेले. एप्रिल 1886 मध्ये ते इथे उतरले. पुढची चोवीस वर्षे ते कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिले आणि 1910 मध्ये हा राजवाडा पूर्ण झाल्यावर त्यात आले. राजा या वास्तूत जेमतेम सहा वर्षे राहिला. डिसेंबर 1916 मध्ये त्याचे निधन झाले आणि तीसहून अधिक वर्षांत त्याने आपली मायभूमी पुन्हा पाहिली नाही.

इमारत तीन मजली आहे, बाहेरून तांबूस, वर उतरती छपरे आणि खिडक्यांवर लाकडी नक्षीच्या अर्धवर्तुळाकार कमानी. दुपारचे ऊन पश्चिमेच्या खिडकीतून आत आले तेव्हा नक्षीची सावली जमिनीवर पडली आणि आईच्या पांढऱ्या साडीवरून हळूहळू सरकत गेली. ती बाकावर बसली होती, आम्ही खालीच टेकलो. गुरुजी बोलत होते. 1858 मध्ये इंग्रजांनी दिल्लीच्या बहादूरशाह जफर याला रंगूनला धाडले, तो 1862 मध्ये तिथेच वारला. आणि जफरला धाडल्यानंतर सत्तावीस वर्षांनी ब्रह्मदेशच्या राजाला इकडे आणले. एकाची कबर रंगूनला, दुसऱ्याची रत्नागिरीला. दोन्ही राजांना त्यांच्या प्रजेपासून समुद्राने तोडले.

मी विचारले, की मग रत्नागिरीच का? गुरुजींनी उलट आम्हांलाच आठवायला लावले, की आईच्या लहानपणी इथे यायला काय होते. पूर्वेला सह्याद्री आणि त्यातले अवघड घाट, किनाऱ्यावर दर दहा-वीस मैलांवर एक खाडी, त्यांवर पूल नाहीत, आणि पावसाळ्याचे चार महिने बोटी बंद. ज्याला जगापासून दूर ठेवायचे त्याच्यासाठी कारागृहाच्या भिंतींचे काम ही जमीनच करत होती. आदल्या दिवशी पानवलला ते ‘उघडली गेली’ असे का म्हणाले, ते तेव्हा ध्यानात आले.

राजाच्या निधनानंतर सुपायालत राणीला 1919 मध्ये ब्रह्मदेशात परतण्याची परवानगी मिळाली, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. राजाचे दफन मात्र इथेच झाले, त्याच्या धाकट्या राणीसोबत. राजवाडा पाहून झाल्यावर आम्ही त्या समाधीशीही गेलो. डिसेंबर 2012 मध्ये म्यानमारचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले होते. आमच्याशिवाय तिथे त्या वेळी कोणी नव्हते. राजवाड्याला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक इथवर येतात, याचे मला वाईट वाटले. ही जागा त्या छापील कागदावर नव्हतीच. कुणाकडून गाडी ठरवाल तर ती मुद्दाम सांगून घ्या.

थिबा पॉइंटवरून काजळी नदीची खाडी, भाट्ये पूल आणि पलीकडची सुरूची झाडे दिसतात. तिथे गर्दी फार होती, म्हणून दहा मिनिटांत निघालो आणि मांडवीला आलो. इथली वाळू काळी, म्हणून हा काळा समुद्र, आणि मिऱ्याच्या बाजूचा तो पांढरा समुद्र, अशी इथल्या लोकांची साधी विभागणी आहे. जेट्टीवर संध्याकाळी सगळे शहर फिरायला येते. आम्ही भेळ घेतली आणि आईसाठी कठड्याजवळ जागा केली.

इथे आईनेच बोलायला सुरुवात केली. अठराव्या वर्षी, म्हणजे 1966 च्या सुमारास, ती मोठ्या मामांबरोबर याच बंदरातून मुंबईला गेली होती. बोट किनाऱ्याला लागत नसे, ती बाहेर नांगरून उभी राहायची आणि माणसांना पडावात, म्हणजे होडीत, बसवून तिच्यापर्यंत न्यायचे. पडाव लाटेवर वर आला की नेमक्या त्या क्षणी वरचा खलाशी हात धरून खेचून घ्यायचा. “हात चुकला तर?” असे भाच्याने विचारल्यावर ती म्हणाली, “चुकवायचा नाही, एवढंच माहीत होतं.” मग रात्रभर डेकवर वळकटी टाकून, सकाळी भाऊचा धक्का. गुरुजी त्यांच्या छोट्या वहीत लिहून घेत होते. जुन्या बोटींच्या आठवणी ते गेली काही वर्षे जमवतात. त्यांनी बोटीचे नाव विचारले. आईला ते आठवेना. हॉटेलवर परतताना आणि रात्री जेवतानाही ती त्याच विचारात होती.

दिवस तिसरा, रविवार

सकाळी सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय पाहिले. भाच्याला तिथला देवमाशाचा प्रचंड सांगाडा आवडला, मला आणि आईला काचेमागच्या माशांपेक्षा आदल्या पहाटेचे बंदर जास्त लक्षात राहिले.

पतित पावन मंदिरात मात्र आम्ही तास-दीड तास होतो. सावरकर 1924 ते 1937 या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते, म्हणजे थिबाप्रमाणेच त्यांनाही सरकारने याच गावाच्या हद्दीत बांधून ठेवले होते. त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने 1931 च्या फेब्रुवारीत लक्ष्मीनारायणाचे हे देऊळ सर्व जातींच्या लोकांसाठी उघडले. कीर हे रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरात जन्मलेले. मुंबईत बांधकामाच्या ठेकेदारीत त्यांनी नाव कमावले, दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीची जागाही त्यांच्याच दानातली. आज देवळात कुणालाही सहज जाता येते आणि म्हणूनच 1931 मध्ये त्या दारातून आत जाणे म्हणजे काय असेल, याची कल्पना करायला थोडा वेळ तिथे बसावे लागते. आईने सांगितले, की तिच्या माहेरच्या गावात विहिरी वेगळ्या होत्या आणि ते तिने स्वतः पाहिले आहे. गुरुजी यावर काहीच बोलले नाहीत. त्यांनी देवापुढचे एक फूल उचलून तिच्या हातात दिले.

गुरुजींचा निरोप तिथेच घेतला. मानधनाचे पाकीट त्यांनी घेतले, पण त्यातले काही पैसे काढून भाच्याला वही घेण्यासाठी दिले.

परतीला महामार्गाऐवजी किनाऱ्याचा रस्ता धरला. भाट्ये पूल ओलांडला, सुरूच्या बनाकडेने गेलो, पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले आणि पूर्णगडच्या दिशेने निघालो. इथे मुचकुंदी नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी टेकडीवर लहानसा किल्ला आहे. आईने या खाडीवरून तरीने, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीने, कितीतरी फेऱ्या केलेल्या. भरती-ओहोटी पाहून थांबायचे, तरीवाल्याला हाका मारायच्या, पलीकडून उत्तर येईपर्यंत उन्हात बसायचे. आता पूल आहे. दादांना तिने गाडी अगदी हळू घ्यायला सांगितली आणि काच खाली केली. खारा वारा आत आला. पुलाच्या मध्यावर ती एकदम सरळ बसली आणि माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, “चंपावती! चंपावती होती बोट. गुरुजींना फोन लाव.”

पूल ओलांडून दादांनी गाडी झाडाखाली उभी केली. फोनवर गुरुजींनी आधी वही शोधली, मग तिच्याकडून नाव पुन्हा एकदा सांगून घेतले आणि पडावाला किती वल्ही होती, हे विचारले. आई ते आठवू लागली. दादा पाट काढून दाराशी ठेवून उभे राहिले.